रसद कुणी आणली

'कशावरून' काकांना किती वाजले ते सांगितलं, तरी ते विचारत, "कशावरून?" भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं की आधी स्वतःच्या मनगटावर बघत, मग बाहेर जाऊन ऊन बघत आणि परत येऊन म्हणत, "चालतंय बराबर." त्यांचं खरं नाव आमच्या सभासदांच्या वहीत आहे, पण ते कुणाच्या तोंडी नव्हतं.

वारंगा फाट्याजवळच्या एका छोट्या वाचनालयाची मी ग्रंथपाल. संशयी मीही काही कमी नाही, ही नोकरीच तशी आहे. पुस्तक नेणारा प्रत्येक माणूस मला पान फाडणारा नाहीतर मेहुण्याला पुस्तक देऊन विसरणारा वाटतो. त्यात हळदीनं बोटं पिवळी झालेला एक सत्तरीचा माणूस बंजाऱ्यांच्या तांड्यावरून आला आणि त्यानं कपाटातली तीन खंडांची ऐतिहासिक कादंबरी मागितली. माझ्या मनात पाल चुकचुकली. दक्षिणेतल्या एका मोठ्या मोहिमेवरची ती कादंबरी गावातल्या चांगल्या शिकलेल्यांनी पन्नास पानांतच परत आणून टाकली होती. जुन्या वळणाची भाषा, एकेक वाक्य अर्ध्या पानाचं.

"काका, वाचायला फार अवघड आहे हे," मी म्हटलं.

"कशावरून? तुमी वाचलं का?"

मी वाचलेलं नव्हतं. गुपचूप नोंद करून पहिला खंड दिला.

पंधरा दिवसांनी तो खंड परत आला. मी काकांच्या डोळ्यांदेखत पानं चाळली, कारण हा माणूस वाचत नसणार, मिरवायला नेत असणार, असा माझा पक्का समज होता. पण प्रत्येक पानाच्या खालच्या कोपऱ्यात पिवळ्या अंगठ्याचा ठसा होता. हळद शिजवायचे दिवस होते. दोनशे चाळीस पानांपर्यंत ठसे आणि पुढची पानं कोरी. मी बोलणार तेवढ्यात काकाच म्हणाले, "तितवरच झालं. पुन्हा लिहा माझ्या नावावर. आन् डाग पडले ते माझेच हायत, दुसऱ्याला बोलू नका."

मराठी ही त्यांची घरची भाषा नव्हती. "घरात आमी गोरबोली बोलतो, ताई. मराठी शाळेत शिकलो, तीबी छड्या खाऊन," ते सांगायचे. बाजाराच्या दिवशी बाळापूरहून परत जाताना ते माझ्या टेबलासमोर बसायचे आणि अडलेले शब्द विचारायचे. गंमत म्हणजे छावणी, कूच, तैनाती अशा शब्दांवर मी अडखळायचे, ते नाही. ते त्यांना लहानपणापासून कानावरचे. त्यांची गाडी अडायची ती संस्कृत शब्दांवर.

"अश्वदल म्हंजे?"

"घोडे. घोडेस्वारांची तुकडी."

"मग घोडे म्हनायला ह्याला काय तकलीफ होती?" आणि मलपृष्ठावरच्या लेखकाच्या फोटोकडे ते असे बघायचे, जणू त्यानं त्यांचं बकरं चोरलंय.

त्या लेखकावर त्यांचा कणभर विश्वास नव्हता. राजा मनातल्या मनात काय म्हणाला ते याला कुणी सांगितलं? त्या दिवशी पाऊस होता हे कशावरून? मी एकदा वैतागून म्हटलं, "काका, पटत नाही तर वाचता काहून?" माझ्या तोंडून 'काहून' निघालेलं ऐकून ते जरा हसले आणि पुढचा अडलेला शब्द विचारला. माझा संशय वाढला. न पटणारं पुस्तक माणूस वर्षभर उगाच नेत नाही.

दुसरा खंड परत आला तेव्हा मला पानांच्या कडेला बारीक भोकं दिसली. मला वाटलं, कसर लागली. पुस्तक दोन दिवस उन्हात ठेवलं, कपाटात डांबराच्या गोळ्या टाकल्या, शेजारची सगळी पुस्तकं तपासली. बाकी एकाही पुस्तकाला भोक नाही. मग नीट बघितलं. भोकं जोडीजोडीनं होती, एका मापाची, आणि ओळीच्या अगदी समोर. कसर काही ओळ धरून कागद खात नाही. मी भोकासमोरच्या ओळी वाचत गेले. एकीत ज्वारी होती. एकीत मिठाची टंचाई. एकीत सैन्याचं जेवण. एकीत घोड्यांचा चारा.

पुढच्या बाजारी मी पुस्तक त्यांच्यासमोर आपटलंच. "हे काय आहे?"

"सुईचे टाके," काका शांतपणे म्हणाले. "म्हातारीच्या सुईदोऱ्यानं खुणा करतो. लाल दोरा दाण्याला, निळा नडलेल्या शब्दाला. परत देताना उसवून घेतो."

"पुस्तकावर खुणा करू नयेत, अशी पाटी लावली आहे इथं!"

"पेनानं करू नयेत म्हनून लिवलंय, ताई. मी बराबर वाचली."

मला हसू आलं आणि रागही आला. मग त्यांनी जे सांगितलं, त्यानंतर दोन्ही राहिलं नाही.

त्यांची आई, त्यांच्या बोलीत याडी, एक गाणं म्हणायची. दुष्काळाच्या वर्षी मोठी फौज उपाशी पडली, तेव्हा त्यांच्या पूर्वजानं हजार बैलांवर दाणा लादून छावणीत नेला, असं त्या गाण्यात होतं. तांड्यातल्या सगळ्यांना ते पाठ. शाळेत गुरुजी मोहिमेचा धडा शिकवत होते, तेव्हा या पोरानं उभं राहून अभिमानानं ते सांगितलं. गुरुजींनी विचारलं, "कशावरून?" पोरगं म्हणालं, "याडी म्हनते." सगळा वर्ग हसला. "पुस्तकात आहे का? नाही ना? मग बस खाली."

"तवापासून बसलोच हाय," काका म्हणाले. "आता मरायच्या आधी एकदा बघून घेतो पुस्तकात. हजारो मानसं, हत्ती, घोडे. पाचशे पानं झाले, चालूनच राहिले. खाऊन काय राहिले? कुणी आणलं? ह्याचं एक अक्षर न्हाई."

"काका, ती कादंबरी आहे. बरंचसं लेखकाच्या मनातलं असतं."

"व्हय ना? मग मनानंच लिवायचं होतं, तर आमालाबी लिवायचं होतं की. त्याच्या काय घरचा कागद जात होता?"

त्या दिवसापासून मीही ती कादंबरी वाचायला घेतली. सुई मात्र वापरली नाही.

तिसरा खंड त्यांनी चार वेळा नेला. डोळ्यांना कमी दिसायला लागलं होतं, दमही लागायचा. एका सकाळी वाचनालय उघडायच्या आधीच ते पायरीवर येऊन बसले होते. पुस्तक मांडीवर उघडं आणि बोट एका ओळीवर. ओळ होती: 'तिसऱ्या दिवशी रसद पोहोचली आणि सैन्यात आनंदीआनंद झाला.' बस, एवढंच. पुढच्या ओळीत पुन्हा लढाई.

"ही आमची," ते म्हणाले. "ताई, ही रसद आमची हाय."

आणि माझ्या तोंडून गेलं, "कशावरून, काका?"

मी थट्टेनं म्हटलं होतं. त्यांचाच शब्द त्यांना परत दिला, एवढंच माझ्या मनात होतं. पण त्यांचा चेहरा असा उतरला की मला माझी जीभ तोडून टाकावीशी वाटली. त्यांनी पुस्तक मिटलं, फेट्याच्या टोकानं तोंड पुसलं आणि म्हणाले, "व्हय. बराबर हाय तुमचं." मी खूप बोलले, माफी मागितली, चहा मागवला. चहा त्यांनी घेतला. पुस्तक पंधरा दिवसांसाठी पुन्हा नावावर लिहायला सांगितलं आणि निघाले. ती आमची शेवटची भेट.

दीड महिन्यानं त्यांची म्हातारी आली, एकटीच. आरशांच्या ओढणीच्या आतून तिनं तिसरा खंड काढून टेबलावर ठेवला. मी उघडायला गेले तर तो आपसूकच त्या पानावर उघडला. ओळीच्या समोर, कडेला, लाल दोऱ्यानं टाके घालून एक कवडी बसवली होती. तांड्यावरच्या बायका सणाच्या कपड्यांवर बसवतात तशीच.

"जायच्या आधी म्हातारा झोपूनच होता," ती तुटक मराठीत म्हणाली. "मला म्हनला, इथं टाक. मला न्हाई येत वाचता. त्यानं बोट ठिवलं, मी टाका घातला. म्हनला, हा उसवू नको."

ती गेल्यावर मी दार लोटून घेतलं आणि पोटभर रडले. त्या माणसानं पानोपानी ज्याच्यावर संशय घेतला, त्या पुस्तकावर अखेर त्यानं आपली खूण ठेवली होती, आणि मी त्याच्यावर एकदा, फक्त एकदा विश्वास ठेवायचा होता.

परवा जिल्ह्याहून एक साहेब तपासणीला आले. त्यांनी कपाटातून तिसरा खंड काढला, तर तो कवडीवर उघडला. "हे काय? खराब प्रत आहे, बाद करा," म्हणाले.

"नाही साहेब," मी म्हटलं. "या ओळीतली रसद इथल्याच एका तांड्यानं बैलांवरून नेली होती. त्याची ती खूण आहे."

साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "कशावरून?"

मी कवडीवर बोट ठेवलं. "पुस्तकात आहे."