भात लावणारी बाई आणि आमची शेड

डहाणूजवळच्या चिखले गावातल्या आमच्या शेडमध्ये सुकलेली माती कुणी टाकून देत नाही. भिजवायची, मळायची, परत वापरायची. किस्स्यांचंही तसंच, चहाला बसलो की एखादा पुन्हा मळला जातो! शेडमध्ये आम्ही तिघं. जन्मभर गणपती घडवलेले जयवंतकाका, गंजाडहून माती मळायला येणारी सुमन, आणि मोटर रिवाइंडिंग सोडून तार वाकवायला आलेला मी. २०१६ साली एका रिसॉर्टची मोठी ऑर्डर मिळाली: हॉलमध्ये ठेवायला इथल्या माणसांचे पुतळे.

*

आत तारेचा सांगाडा, त्यावर सुतळी गुंडाळायची, वर शाडू. तारेसाठी डहाणूच्या हार्डवेअरवाल्या गुजराती शेठकडे माझ्या रोज फेऱ्या. एक दिवस त्यांना राहवलं नाही. "रोज वायर नेता, सिमेंट एकदा पण नाय. घर कसलं बांधता?"

"शेठ, घर नाही, माणसं बांधतो."

"तो पछी जाड गेजची न्या. माणसं लवकर वाकतात."

*

काकांनी आधी केला गुजरात सीमेवरच्या अच्छाडच्या चेकनाक्यावरचा ट्रक ड्रायव्हर. पण हात गणपतीला सरावलेले! ड्रायव्हरला भलं मोठं पोट आलं आणि उजवा हात वर गेला. रिसॉर्टचे मॅनेजर बघतच राहिले. "काका, हा आशीर्वाद का देतोय?"

काका शांतपणे म्हणाले, "सकाळपासून रांगेत आहे. दुसरं काय करणार तो?"

ड्रायव्हर पास झाला.

*

भात लावणारी बाई मात्र काकांनी तीनदा उभी केली आणि ती तीनदा तोंडावर पडली. सुमन म्हणाली, "काका, असं वाकलं तर चिखलात कोण पण पडंल. भार मागच्या टाचेवर पायजे." आणि शेडच्या मधोमध स्वतःच वाकून उभी राहिली. तिच्या पायाशी बसून मी तिच्याबरहुकूम तार वाकवली. सांगाडा ठाम उभा!

काकांनी आपली कोरणी तिच्यापुढे धरली. "ही बाई आता तुझी." ती कोरणी त्यांनी आजवर कुणाच्या हाती दिली नव्हती. अभिमानाने माझीच छाती फुगली.

*

पुतळा होत आला आणि खऱ्या भाताची लावणी तोंडावर आली. सुमनच्या सासूचा निरोप आला: शेतात माणूस कमी, आणि ही मातीशी खेळते. येऊन बघते. पटलं नाय तर तिचं शेडवर येणं बंद.

सुमन रडकुंडीला आली. काका म्हणाले, "गिऱ्हाईक येतं तशी सासू येणार. घाबरायचं काय?" त्या दिवशी काकांनी शेड दोनदा झाडली.

*

सासूबाई आल्या. ड्रायव्हरकडे बघितलंही नाही. थेट वाकलेल्या बाईपाशी गेल्या. तिच्याभोवती फिरल्या, मुठीतली रोपं पाहिली, टाच पाहिली. सुमन मातीचे हात तसेच धरून उभी. म्हातारीने पुतळ्याच्या ओल्या कमरेवर हात ठेवला आणि बराच वेळ काढलाच नाही. मग सुमनला म्हणाली,

"उद्या कामाला येशील ना, तवा हिला जरा बसव. कंबर भरून आली असंल."