अक्षरांत चिकटवलेली सरकी

आमच्या गावाला इतिहास आहे, हा साक्षात्कार गावाला कापूस रडवायला लागल्यावर झाला. बीटी कापसाच्या बियाण्याची पाकिटं येऊन काही वर्षं झाली होती. सुरुवातीला बोंडांनी झाडं वाकली, दारोदारी मोटारसायकली आल्या. मग फवारण्या वाढल्या, उतारा घटला आणि पारावर बसणारी माणसं गप्प झाली. शहाण्या गावाने अशा वेळी दुसरं काही केलं असतं. आम्ही वारसा जतन समिती काढली.

अध्यक्ष झाले कृषी केंद्राचे मालक. ज्यांच्या पाकिटांनी गावातलं जुनं बियाणं बाद केलं, तेच वारशाच्या नावाने गळा काढत होते आणि कुणालाही हसू येत नव्हतं. चिटणीस मी, कारण शाळेत मराठी शिकवायचो आणि अक्षर बरं होतं. बंद पडलेल्या वाचनालयात संग्रहालय मांडायचं ठरलं. लोकांनी घरातली अडगळ आनंदाने आणून टाकली: फुटके कंदील, गंजके अडकित्ते, बिनचाकाची बंडी. चावडीसमोरच्या वीरगळाला आम्ही चकचकीत निळा ऑइलपेंट फासला आणि त्यालाही जतन म्हणालो.

खरी वस्तू एकाच माणसाकडे होती. गाद्या भरणारे पिंजारी चाचा घरामागच्या तुकड्यात अजून देशी कापूस लावायचे. बीटीच्या रुईची गादी वर्षात बसते, देशीची फुगून राहते, असं त्यांचं म्हणणं. त्यासाठी दरसाल थोडी सरकी, म्हणजे कापसाचं बी, ते मडक्यात राख घालून ठेवायचे. त्यांच्या वडिलांनीही तेच केलं होतं. मी मागायला गेलो तर त्यांनी मडकंच पुढे सरकवलं.

"मिरगाच्या आधी वापस देजा, मास्तर," एवढंच म्हणाले. मी मोठ्या तोंडाने हो म्हणालो.

उद्घाटनाला पाहुणे येणार, मडक्यातलं बी कोण बघणार, असं बैठकीत निघालं. तोडगा चित्रकलेच्या सरांनी काढला. प्लायवुडवर सरस लावून त्यांनी सगळी सरकी चिकटवली, तिची 'आमचा वारसा' अशी अक्षरं केली आणि किडे लागू नयेत म्हणून वर वॉर्निशचे दोन हात दिले. निम्मं बी बाजूला ठेवा, असं मी म्हणायला हवं होतं. मी काय म्हणालो? 'व'चा गोल नीट आला नाही, म्हणालो. दरवर्षी पाकीट फोडून पेरणाऱ्या गावाला बी जिवंत असतं हेच आठवेना, आणि मी त्या गावाचा मास्तर. आजही त्या वाक्याची मला शिसारी येते.

मृगाला आठ दिवस असताना चाचा बी न्यायला आले आणि फळीवरचं एक अक्षर त्यांनी नखाने खरवडून पाहिलं. सरांनी टर्पेंटाइन लावून, चाकूने खरवडून बी सोडवून दिलं. चाचांनी ते शेणात घोळून पेरलं. एकही उगवलं नाही. अध्यक्षांनी भरपाई म्हणून त्यांच्या हातात बीटीचं पाकीट ठेवलं आणि फोटो काढून घेतला. मग चाचा धाड गावच्या बाजारात आणि आजूबाजूच्या खेड्यांत देशी सरकी विचारत हिंडले. लोकांनी त्यांना वेड्यात काढलं.

दिवाळीनंतर अध्यक्षांची नवी टूम निघाली. फळीवरून न सुटलेले चार-पाच दाणे होते, त्यांच्याखाली पाटी हवी. मी ती सुबक अक्षरांत लिहिली आणि खिळा ठोकत होतो, तेवढ्यात चाचा आत आले. त्यांना उर्दू वाचता यायचं, मराठी नाही. काय लिहिलं आहे, त्यांनी विचारलं. मी वाचून दाखवलं: गावातील शेवटची देशी सरकी.

चाचांनी पाटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"शेवटची व्हती, हे तुमाले मालूम व्हतं तं तवाच काऊन नाही सांगतलं, मास्तर? म्या मूठभर घरी ठेवली असती."