पोचलेली, पण हाती न आलेली पार्सलं

बाबा गेल्यावर तिनं बाजारातलं भाड्याचं दुकान सोडलं आणि शिवणमशीन दुरुस्तीचा सगळा पसारा घराच्या पुढच्या खोलीत आणला. काम ती बाबांच्याच हाताखाली शिकली होती. मशीनचं दुखणं तिला आवाजावरून कळायचं, पण औषध जवळ नसायचं. जुन्या मशीनचे सुटे भाग आता इथं कुणी बनवत नव्हतं. परदेशातल्या निरनिराळ्या विक्रेत्यांकडून ते ऑनलाइन मागवावे लागत.

घोळ व्हायचा तो तिथंच. कुठलं पार्सल निघालं, कुठलं कस्टम्समध्ये अडकलं, तिच्या काही ध्यानात राहायचं नाही. मोटरचा एक पट्टा तिनं दोनदा मागवला, आणि ज्याची घाई होती तो मागवायचाच राहिला.

माल पाठवणाऱ्या एका कंपनीच्या ऑफिसात तिची वहिनी काम करायची. ती एकदा सहज चहाला आली आणि भिंतीकडे बघतच राहिली.

"कपडे वाळत घातल्यासारख्या चिठ्ठ्या काय लावल्यात या?"

"माझं मला कळतं त्यातलं."

"कळतं तर मघापासून खाली वाकून काय शोधतेयस?"

पडलेली चिठ्ठी मशीनखाली सापडली, तोवर वहिनीनं लॅपटॉप उघडला होता. तिनं स्प्रेडशीट बनवून दिली. काय मागवलं, कुणाच्या मशीनसाठी, कुणाकडून, ट्रॅकिंग नंबर, आता कुठं आहे. वाटेतलं पिवळं, अडकलेलं लाल, पोचलेलं हिरवं. शेवटी आणखी एक रकाना: हाती आलं का?

"हा कशाला? पोचलं म्हणजे आलंच की."

"पोचलं असं कुरियरवाला म्हणतो," वहिनी म्हणाली. "आलं असं तू म्हणायचं."

सुरुवातीला तिनं नाक मुरडलं. मग हळूहळू सवय लागली. सकाळी खोली झाडून झाली की ती एकेक नंबर टाकून बघायची आणि रंग बदलायची. रांगा विक्रेत्याप्रमाणे लावायलाही ती शिकली. असंच एकदा लावून बघताना तिचा हात थांबला. एका विक्रेत्याच्या झाडून सगळ्या रांगांत 'पोचलं' होतं आणि शेवटचा रकाना कोराच.

हा विक्रेता म्हणजे बाबांचा जुना ओळखीचा म्हातारा. त्याचं एकही पार्सल येत नव्हतं, म्हणून आताशा ती त्याला मनातल्या मनात लबाड ठरवून मोकळी झाली होती. तरी तिनं त्याला मेल केला. उत्तर लगेच आलं. तो आपला जुन्या सवयीनं बाबांच्या नावावर, बाजारातल्या दुकानाच्या पत्त्यावरच पाठवत होता. पत्ता बदलला का, असं त्यानं साधेपणानं विचारलं होतं.

दुकान सोडल्यापासून ती त्या गल्लीत फिरकली नव्हती. तिथं आता सलून होतं. बाबांच्या टेबलाच्या जागी आरसा आणि फिरती खुर्ची.

"पार्सलं ना? आहेत की," सलूनवाल्यानं खालचा खण ओढला. टॉवेलांच्या मागं सगळी नीट रचून ठेवली होती. "कुरियरवाला ठेवून जायचा. फोन नंबर नव्हता. म्हटलं, ज्यांची आहेत ते कधीतरी येतील."

"ते नाही यायचे आता. मी त्यांची मुलगी."

त्यानं हातातली कात्री खाली ठेवली, तिला बसायला खुर्ची दिली आणि पार्सलं स्वतः पिशवीत भरून दिली.

घरी येऊन तिनं एकेक फोडून शीटशी ताडून पाहिलं. सगळी जुळली, एक सोडून. त्याची रांगच नव्हती. वरची पाठवल्याची तारीख बघितली तर बाबांनी अंथरूण धरलं त्याच्या आधीची. वाटेत कुठंतरी अडकून ते दुकान सोडल्यावरच पोचलं असणार. आत रेक्झिन शिवायच्या अवजड मशीनचं, खालचा दोरा धरणारं शटल होतं.

तसलं मशीन तिच्या माहितीत एकाचंच, सोफे बनवणाऱ्याचं. बाबांशी भांडून, उघडलेलं मशीन तसंच उचलून नेलं होतं त्यानं. "मागवलंय, येईल," बाबा म्हणत होते. "सगळेच असं म्हणतात," म्हणून तो निघून गेला होता. बाबांनी तो विषय पुन्हा काढला नाही, पण त्या दिवसापासून ते गप्प गप्प असायचे.

तिनं फोन केला. तो टेम्पोत मशीन घालून आला. खोकं हातात घेऊन त्यानं तारीख वाचली.

"म्हणजे खरंच मागवलं होतं."

"हो."

"फार बोललो मी त्यांना."

"तुमचंही काम अडलं होतं."

"तरीपण. आजारी आहेत हे कळलं होतं मला. पण कुठल्या तोंडानं येणार?"

मशीन आडवं करून तिनं जुनं शटल काढलं, नवं बसवलं, तेल सोडलं. गिऱ्हाइकं एरवी मशीन टाकून जातात, हा स्टुलावर बसूनच राहिला. रेक्झिनच्या तुकड्यावर टीप मारून तिनं तो त्याच्या हाती दिला. त्यानं टाक्यांवरून अंगठा फिरवला.

"शेवटी बोलत होते का काही?" त्यानं विचारलं.

"ताप चढला की विचारायचे, आलं का, आलं का म्हणून. मला वाटायचं, बरळताहेत."

त्यानं तो तुकडा घडी घालून खिशात ठेवला. तिनं चहा टाकला. कप हातात आल्यावर तो आपणहून बाबांच्या गोष्टी सांगायला लागला. पहिलं मशीन घेतलं तेव्हा बाबांनीच त्याला कसं दोरा ओवायला शिकवलं होतं, इथपासून. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. टेम्पोवाल्यानं बाहेरून हॉर्न वाजवला, तेव्हा तिनंच त्याला सांगितलं, "थांबू दे त्याला जरा."