जवळ्याची मिशी

तिच्या डाळीत जवळ्याची मिशी निघाली.

केसासारखी बारीक, लालसर. नातीनं ती बोटाच्या टोकावर घेतली, उजेडाकडं धरली आणि माझ्याकडं बघितलं. ताट सरकवून मागच्या दारी गेली आणि पोटात होतं नव्हतं ते सगळं ओकली. मी तांब्या घेऊन मागं गेले, तर हात वर करून तिनं मला तिथंच थांबवलं.

"किती दिवस घालतेस?"

"आठ." खोटं बोलून उपयोग नव्हता. "भाजून, कुटून, चाळून. चमचाभर."

"आजी, मी मासळी सोडलीय ना?"

"जवळा हाय तो. मासळी थोडीच हाय?"

हे मी सुटका करून घ्यायला बोलले नाही. मला खरंच तसं वाटत होतं. जवळा म्हणजे नखाएवढी सुकवलेली कोळंबी. आमच्या घरी तिचा डबा मिठाच्या डब्याला लागून असतो. वांग्यात जवळा, चटणीत जवळा. पावसाळ्यात बोटी किनाऱ्याला बसतात आणि घरात मासळी नाही म्हणून बोंब होते, तेव्हाही जवळा असतोच. त्याला मासळीत कोणी धरत नाही.

नात एकोणीस वर्षांची. बोईसरच्या एका कारखान्यात पॅकिंगला जाते. तिनं चार महिन्यांपूर्वी मासळी, मटण, अंडं सगळं सोडलं. कारण विचारलं तर म्हणाली, "नको वाटतं." कोणी माळ घातली नव्हती, कोणी शिकवलं नव्हतं. नको वाटतं, एवढंच. मुलगा तिच्या ताटाकडं बघून म्हणायचा, "बोट माझी, जाळं माझं, नि पोरीला नको वाटतं. तुला काय दुधीभोपळ्यावर वाढवली होती मी?" ती हसायची, पण खायची नाही. सून पहाटेच मासळी घेऊन बाहेर पडते, त्यामुळं चूल माझ्याकडं.

आमच्या घरात मासळी विकत आणावी लागत नाही. भाजी आणावी लागते. दारात वाळू, विहिरीला खारं पाणी. मिरचीचं रोपसुद्धा टिकत नाही. पहिल्या आठवड्यात मी पालघरच्या बाजारातून फ्लॉवर आणि कोबी आणला. आणला तो माझ्या मासळीच्या पाटीतून. धुतलेली होती पाटी. नात म्हणाली, "आजी, ह्याला बोंबलाचा वास येतो." मी नाकाला लावून बघितलं. मला काही वास येत नव्हता. साठ वर्षं मासळी विकून माझ्या नाकाला तो वास कळतच नाही. जो वास मला येत नाही तो मी काढणार कसा? फ्लॉवर शेजारणीला दिला.

पोर वाळायला लागली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रक्त कमी आहे. "कडधान्यं द्या, नागली द्या, गूळ-शेंगदाणे द्या. महागडं काही लागत नाही." त्यांना सांगायला काय जातं? माशाचा कल्ला उचलून तो कालचा की आजचा हे मी सांगते. पण तूरडाळीत मीठ-मिरची घालून मी जे करायचे ते गढूळ पाणी होतं. आमच्या रश्श्याला चव मासळीची. ती काढली तर काय उरतं हे मला कोणी शिकवलंच नव्हतं. नात दोन घास खायची आणि उठायची.

म्हणून मी जवळा कुटला. त्या दिवशी तिनं दोनदा डाळ मागून घेतली. म्हणाली, "आजी, आज डाळ मस्त झालीय." एवढ्या दिवसांत मला असं कोणी म्हटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी दीड चमचा घातला.

मिशी निघाली त्यानंतर तिनं घरातलं काहीच खाल्लं नाही. चहा, बिस्किटं, केळी. नुसता भात वाढला तरी विचारायची, "कुठल्या पातेल्यात केलास?" खरं सांगितलं की ताट तसंच राहायचं. मी शपथ घेतली, तिला पटली नाही. मलाही पटली नसती. पाचव्या दिवशी बोईसरला रिक्षा स्टँडवर चक्कर येऊन पडली. दोन दिवस सलाईन लावून ठेवली. मुलगा बाहेरच्या बाकड्यावर माझ्याशेजारी बसला होता. म्हणाला, "आये, आता काय घालणार हायस त्या सलाईनमध्ये?" मी पदराचं टोक बघत बसले.

बाजाराच्या दिवशी माझ्या शेजारी डोंगरावरची एक बाई बसते. आमचं वर्षानुवर्षं चाललंय. माझा मापभर जवळा, तिचे मापभर तांदूळ. तिचे वाल, उडीद, नागली मी कधी घेतली नाही. कोण खाणार? त्या दिवशी मागितली.

"वाल? तुला? समुद्र आटला काय बाय?"

मी झालं ते सगळं सांगितलं. ती पोट धरून हसली. "आमी जवळ्यासाठी डोंगर उतरून येतो, नि तुझी पोर तो ओकते!"

"हसू नको. डाळ कशी करायची ते सांग."

"उडीद सालासकट भाज. भरड. शिजव. लसूण, मिरची, मीठ. बस."

"जमेल मला."

"तुला नाय जमणार. तुझ्या हाताचा वास धुऊन जात नाय बाय. पोरीलाच करू दे."

राग आला. पण तिनं वाल, उडीद, नागली माझ्या पाटीत टाकू दिली नाही. स्वतःच्या फडक्यात बांधून दिली. मी ते गाठोडं अंगापासून लांब धरून घरी आणलं.

नातीनं गाठोड्याचा वास घेतला. "काय देऊन आणलंस?"

"जवळा."

तिनं गाठोडं परत उंबऱ्यावर ठेवलं. मला वाटलं, आता हेही गेलं. मग तिनं बोईसरहून आणलेलं नवीन पातेलं काढलं, उडीद भाजायला घेतले आणि मला म्हणाली, "तू ओट्यापासून लांब बस."

मी बसले. पहिल्यांदा खालून करपले. ते तिनं खाल्ले.

अजून तसंच चाललंय. जवळा देऊन मी कडधान्य आणते, उंबऱ्याशी ठेवते. निवडायचं, शिजवायचं काम ती करते. मला अजून चव दाखवलेली नाही, मीही मागितली नाही.

तेव्हा घरात आम्ही चौघं होतो. मुलगा, सून, नात आणि मी. आजही चौघंच आहोत, पोर हातातून गेली नाही.