झुंबरचा रविवार

जानोरीला गुलाबाची शेती करणाऱ्या झुंबरने पंचवीस वर्षांत एकही सुट्टी घेतली नव्हती. गुलाब रोज उमलतात, म्हणून रोज पहाटे तोडावे लागतात. बायको भाग्यश्री हरसूलला माहेरी जायची, तीही संध्याकाळच्या कामासाठी दुपारीच परतायची.

आठ वर्षांपूर्वी कुणाच्या तरी नादाने त्याने बिटकॉइनमध्ये थोडे थोडे पैसे टाकले होते. यंदा विकल्यावर, कर भरूनही, बारा लाख हातात आले.

"दादा, नाशकात फ्लॅट बुक कर," धाकटा भाऊ स्वराज म्हणाला.

"फ्लॅटमध्ये राहायला वेळ कुठंय मला?"

झुंबरने रक्कम बँकेत ठेवली. तिच्या व्याजातून दर रविवारी फुलं तोडायला आणि संध्याकाळच्या कामालाही चार बाया लावायच्या, जन्मभर, असं त्याने ठरवलं.

स्वराजने कपाळावर हात मारला. "लोक जमीन घेतात, तू रविवार घेतलास."

पहिल्या रविवारी झुंबर सवयीने कात्री घेऊन शेतात गेलाच. मजुरांतल्या सखुबाईने त्याला बांधावरच अडवलं.

"भाऊ, आजची मजुरी आमाला दिली ना? मग कात्री ठेवा. आमच्या कामात लुडबुड नाय पायजे."

बाया खदखदून हसल्या. झुंबरने कात्री ठेवली आणि भाग्यश्रीला मागे बसवून मोटरसायकल काढली.

दुपारी हरसूलला सासूबाईंनी नेहमीसारखा वाटेसाठी डबा भरायला घेतला. भाग्यश्रीने तो त्यांच्या हातातून काढून घेतला.

"आई, आज रात्री जेवूनच निघणार आम्ही."

आणि झुंबर, जावई झाल्यापासून पहिल्यांदाच, सासुरवाडीच्या ओट्यावर ऐसपैस आडवा झाला.