तीनशे उत्तरांत एक घड्याळजी

मावशी तेवीस वर्षं दवाखान्याच्या चौकशी खिडकीत बसल्या. तिथे मशीन आलं आणि मावशींना नारळ मिळाला. म्हणून त्या या नव्या कंपनीत आल्या. मोबाइलवर गप्पा मारायची एक नवी जागा कंपनीने काढली होती आणि येणाऱ्या प्रत्येकाचं स्वागत करायचं, हे मावशींचं काम.

पहिल्या आठवड्यात काय ती झुंबड! टाइप करून करून मावशींची बोटं सुजली. आणि महिन्याभरात सगळं सामसूम. साहेब हवालदिल झाले. कधी बटणाचा रंग बदल, कधी चित्र हलतं कर, त्यांचं काहीतरी चालूच.

"अहो, रंग कसले बदलताय!" मावशी म्हणाल्या. "माणूस हौसेने येतो, इकडेतिकडे बघतो. ओळखीचं कुणी नाही. काही बोललं तर कुणी ओ देत नाही. त्याची बहीण, त्याचे दोस्त सगळे जुन्याच जागी. तो इथे काय भिंतींशी बोलेल?"

साहेबांनी यातून भलताच धडा घेतला. ऑफिसातल्या सातही जणांनी प्रत्येकी वीस बनावट माणसं तयार करायची आणि दिवसभर त्यांच्या नावाने बोलत राहायचं! या वयात दुसरी नोकरी कोण देणार, म्हणून मावशींनी मान डोलावली. चुकलंच त्यांचं. त्या स्वतःच तसं सांगतात.

चार दिवसांनी साहेब नाचतच आले. 'झोपताना खिडकी उघडी ठेवावी की बंद?' या प्रश्नावर तब्बल तीनशे उत्तरं आली होती. "लोक परत आले!" मावशीही खूश. त्यांच्या 'निवृत्त मास्तरां'नी त्या भांडणात चांगलीच बाजी मारली होती.

"पण तो बासरीवाला फारच आगाऊ हं," त्या म्हणाल्या.

समोरच्या टेबलावरच्या हिशेबनीसाने वहीतून डोकं वर काढलं. "मावशी, तो मीच."

"अगं बाई! आणि ती भांडकुदळ नर्स?"

चित्रं काढणारीने हळूच हात वर केला. मग एकेक हात वर होत गेले. सात शहाणी माणसं चार दिवस एकमेकांनाच गंडवत होती! सगळे पोट धरून हसले. मावशीही हसल्या, आणि हसत हसतच खाली वाचत गेल्या.

दोनशे चाळिसावं उत्तर एका घड्याळजीचं होतं. 'बायको गेल्यापासून दुपारी दुकानात बोलायला कुणी नसतं. इथे कुणी खरं आहे का?' त्याखाली निवृत्त मास्तरांनी लिहिलं होतं, 'म्हणजे काय! आम्ही सगळेच!'

मावशींनीच लिहिलं होतं ते, धड न वाचता. त्यांना स्वतःची शिसारी आली.

त्यांनी स्वतःच्या नावाने लिहिलं, 'मास्तर कुणी नाही. ते मीच. खोटं बोलले, माफ करा. इथे आम्ही सात पगारी माणसं आहोत आणि तुम्ही.'

"पुसा ते!" साहेब किंचाळले. "दुपारी कंपनीत पैसे लावणारे बघायला येणार आहेत. पुसा, नाहीतर खुर्ची सोडा!"

"डॉक्टर नसले की 'नाहीत' म्हणून सांगायचे मी," मावशींचा आवाज चढला. "लोकांच्या शिव्या खाल्ल्या. पण 'आहेत, आहेत' म्हणत एकालाही बाकावर ताटकळत ठेवलं नाही. ते तुमच्यासाठी आता शिकू? नाही पुसत, जा!"

तेवढ्यात घड्याळजींचं उत्तर आलं.

'कळलं होतं मला. माझ्या बोलण्याला इतक्या पटकन कुणी उत्तर देत नाही. तरी येत होतो.'

मावशींचे डोळे भरून आले. पुसायच्या भानगडीत न पडता त्यांनी लिहिलं, 'दुकान कुठे आहे तुमचं?' पत्ता आला. तो कागदावर उतरवून घेत त्या उठल्या.

"घड्याळजी गेले, एक गिऱ्हाईक गेलं म्हणून ओरडू नका, साहेब," पिशवी खांद्याला लावून त्यांच्या दुकानाकडे निघता निघता त्या म्हणाल्या. "दोन गेली म्हणून ओरडा."