मादागास्करच्या म्हातारीची बोली

त्या दुपारी बायकोने भात मुद्दाम टोपाच्या बुडाला लागू दिला. वरचा भात आम्ही काढून घेतला. खाली राहिलेल्या खरवडीत तिने पाणी ओतून उकळलं आणि मी ते तपकिरी पाणी गाळून किटलीत भरलं. शेजारच्या खोलीतल्या म्हातारीसाठी. तिकडे मादागास्करला जेवणावर हेच पितात.

म्हातारीचा मुलगा परळच्या इस्पितळात ॲडमिट होता. ती भाड्याच्या खोलीत दिवसभर एकटी. मुलगा तिकडे गुजराती माणसाच्या दुकानात कामाला, म्हणून त्याला मोडकं गुजराती यायचं. त्यानेच सांगितलं, इस्पितळातला दुभाष्या त्यांच्या राजधानीचं बोलतो. आई उत्तरेच्या किनाऱ्याची, तिची बोली निराळी. दुभाष्याचं तिला कळतं, पण त्याच्यासमोर ती तोंड उघडत नाही.

"माका कोणी पुण्याचा मराठी बोलूक लावल्यानी, तर मी पण गपच बसान," बायको म्हणाली.

तिने त्या पोराकडून एक नमस्कार शिकून घेतला. म्बोला त्सारा. म्हणजे अजून बरं आहे. समोरच्यानेही तेच म्हणायचं. राजधानीकडे असं म्हणत नाहीत म्हणे. बायकोने दारात म्हटलं की म्हातारीचा चेहरा उघडायचा. मग ही मालवणीत, ती आपल्या बोलीत, जेवण होईपर्यंत बडबड.

मी कधी म्हटलं नाही. मला खोटं जमत नाही. "बरं नसताना बरं कशाला सांगायचं?"

"अहो, तुमचा काय जाता? जीभ झिजतली?"

त्या दुपारी किटली देऊन बायको परत आली, जरा पडते म्हणाली, ती उठलीच नाही. संध्याकाळी तिला नेलं.

सकाळी मी तांदूळ धुवायला घेतले. रात्री राहिलेली मेव्हणी मागे येऊन उभी.

"भावोजी, सुतक आसा. आज चूल पेटवूची नाय. शेजारी देतले जेवण."

"म्हातारीचं पाणी कोण देणार?"

"लोक काय म्हणतले?"

"म्हणू देत."

मी गॅस पेटवला. पहिला भात पार कोळसा झाला. टाकला, दुसरा लावला. खरवड नीट लालसर धरली तेव्हा पाणी ओतलं, उकळलं, किटली भरली.

म्हातारी दारातच होती. डोळे सुजलेले. काल तिनेही सगळं पाहिलं होतं.

"म्बोला त्सारा," मी म्हटलं. खाकरलो, आणि मोठ्याने परत म्हटलं. मग किटली पुढे केली.